शस्त्रक्रियेनंतरचा आंत्रस्तंभ आणि एक विषारी वायू

पोटाची मोठी शस्त्रक्रिया होऊन दोन दिवस झालेले असतात. सकाळच्या फेरीत शल्यवैद्य रोग्याच्या खाटेशी येतो, जखमेची पट्टी पाहतो, नाडी पाहतो, पोटावर श्रवणनलिका टेकवून क्षणभर कान देतो आणि मग हलक्या आवाजात विचारतो, “वारा सरला का?” उशाशी बसलेल्या घरच्या मंडळींना या प्रश्नाचा थोडा संकोच वाटतो. एवढी अवघड शस्त्रक्रिया पार पडल्यावर वैद्याने असल्या क्षुल्लक गोष्टीची चौकशी करावी, याचे कोणाला नवलही वाटते. परंतु प्रश्न क्षुल्लक नाही. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, जखम भरू लागली, तरीही आतडे हलेनासे झाले असेल तर पोट फुगते, उलट्या होतात, घेतलेले अन्न टिकत नाही, सलाइनवर दिवस काढावे लागतात आणि इस्पितळातून सुटका लांबणीवर पडते. वृद्ध आणि अशक्त रोग्याच्या बाबतीत उलटी श्वासमार्गात जाऊन ती जिवावरही बेतू शकते.

या अवस्थेला मराठीत काय म्हणावे, याचा प्रथम विचार केला पाहिजे. ‘आंत्ररोध’ हा शब्द आपल्याकडे रूढ आहे. पण त्यावरून आतड्याची वाट अडल्याचा बोध होतो. आतड्याला पीळ पडतो, आत गाठ वाढते, किंवा जुन्या व्रणाच्या पट्ट्यात ते अडकते; तेव्हा जो होतो तो आंत्ररोध. शस्त्रक्रियेनंतरच्या ज्या अवस्थेविषयी येथे लिहावयाचे आहे, तीत वाट मोकळीच असते. चालणारा मात्र थांबलेला असतो. म्हणून प्रस्तुत लेखात तिला ‘आंत्रस्तंभ’ म्हटले आहे. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. वाट अडली असेल तर पुष्कळदा शस्त्र चालवूनच ती मोकळी करावी लागते; चाल थांबली असेल तर पुन्हा शस्त्र चालविणे म्हणजे दुखण्यावर दुखणे. या आंत्रस्तंभावर कार्बन मोनॉक्साइड या प्रसिद्ध विषारी वायूचा औषधासारखा उपयोग होऊ शकेल काय, असा प्रश्न गेल्या दोन दशकांत शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत विचारला आहे. तो प्रश्न कसा निर्माण झाला आणि त्याचे उत्तर आज कोठवर आले आहे, हे पाहण्याचा येथे हेतू आहे.

निरोगी आतड्याच्या भिंतीतील स्नायू एकामागून एक आकुंचन पावतात व सैल पडतात आणि त्या लाटेसरशी आतील अन्न पुढे सरकते. या हालचालीला ‘क्रमसंकोच’ म्हणतात. आतड्याच्या भिंतीतच मज्जातंतूंचे एक जाळे असते आणि पुष्कळसा कारभार ते मेंदूची आज्ञा न घेता चालविते. असे असताना शस्त्रक्रियेनंतर हा कारभार ठप्प का व्हावा? इंग्लंडमध्ये बेलिस व स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी १८९९ साली दाखविले की, प्राण्याचे पोट उघडताच आतडे स्तब्ध होते. पण आतड्याकडे जाणारे विशिष्ट मज्जातंतू तोडले असता ते पुन्हा हलू लागते. म्हणजे पोटाला इजा होताच मज्जासंस्था आतड्याला थांबण्याचा हुकूम देते, असे दिसले. पुढे १९०६ साली अमेरिकेत कॅनन व मर्फी यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात आणून दिली. शस्त्रक्रियेत आतडे जितके अधिक हाताळले जाते, तितका अन्न पुढे सरकण्यास अधिक विलंब लागतो. शल्यवैद्यांनी तेव्हापासून आतडे हळुवार हाताळण्याचा धडा घेतला. परंतु हाताच्या नुसत्या स्पर्शाने दोन-तीन दिवसांची स्तब्धता कशी यावी, याचा उलगडा पुढे बराच काळ झाला नाही.

मज्जातंतूंचा हुकूम हे या स्तब्धतेचे पूर्ण कारण असू शकत नव्हते. भूल उतरते, जखमेचे टाके पडतात, पहिला धक्का ओसरतो. तरी आतडे थांबलेलेच राहते. सामान्यतः लहान आतडे एका दिवसाच्या आत चालू लागते, जठराला एक ते दोन दिवस लागतात आणि मोठे आतडे सर्वांत शेवटी, दोन-तीन दिवसांनी जागे होते. या दुसऱ्या, लांबलेल्या टप्प्याचे कारण अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे काल्फ, बाऊअर आणि त्यांचे सहकारी यांनी उंदीरवर्गीय प्राण्यांवर प्रयोग करून १९९८ साली मांडले. आतड्याच्या स्नायूंच्या थरात भक्षक पेशींचे एक विरळ जाळे पसरलेले असते. एरवी त्या पहारेकऱ्याप्रमाणे स्वस्थ असतात. शस्त्रक्रियेत आतडे हाताळले गेले की त्या जाग्या होतात, दाह उत्पन्न करणारी द्रव्ये सोडतात आणि त्यांच्या हाकेसरशी रक्तातील पांढऱ्या पेशी काही तासांत स्नायूंच्या थरात गोळा होतात. या धावपळीत नायट्रिक ऑक्साइड, प्रोस्टाग्लँडिन यांसारखी जी द्रव्ये भरपूर प्रमाणात तयार होतात, त्यांनी स्नायूंची आकुंचनाची शक्ती क्षीण होते. आग लागलीच नसताना बंबवाल्यांनी घरभर पाणी मारावे आणि त्या पाण्याने संसार भिजून बंद पडावा, तसा हा प्रकार आहे. आतड्याला थकवा आलेला नसतो. त्याच्या रक्षकांच्या अतिरिक्त दक्षतेने त्याला जखडलेले असते.

एवढे समजल्यावर उपायाची दिशाही स्पष्ट होते. आतड्याला चाबूक मारून पळविण्यापेक्षा या रक्षकांना शांत करणे अधिक युक्त. आणि येथेच आपल्या कथेत तो वायू प्रवेश करतो.

कार्बनच्या एका अणूशी प्राणवायूचा एकच अणू जोडला गेला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. जुन्या मराठी पाठ्यपुस्तकांच्या परिभाषेत बोलायचे तर हा कर्बएकप्राणिद वायू. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून ऊब घेत झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, ती याच वायूमुळे. इंदूर-ग्वाल्हेरकडील कडक हिवाळ्याचा अनुभव असलेल्या वाचकांना याचे वेगळे उदाहरण देण्याची गरज नाही. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८५७ साली त्याच्या विषारीपणाचे मर्म उघड केले. हा वायू रक्तातील हीमोग्लोबिनला चिकटतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. रक्त लालभडक दिसते, पण ते शरीराला प्राणवायू पोचवू शकत नाही. पुढे जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९५ साली स्वतः हा वायू हुंगून, स्वतःच्या रक्ताची तपासणी करून त्याच्या परिणामांच्या नोंदी केल्या. कोळशाच्या खाणीतील स्फोटानंतर कामगार मरतात ते बहुधा भाजून नव्हे, तर या वायूने, हे त्यांनी दाखवून दिले आणि खाणीत उतरताना उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावा, असे सुचविले. लहान प्राण्याचा श्वास व रुधिराभिसरण शीघ्र असल्यामुळे माणसाच्या आधी तो गळून पडतो आणि माणसाला धोक्याची सूचना मिळते. (या हॉल्डेन यांचेच पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली भारतात येऊन स्थायिक झाले.) उंदराची ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

अशा वायूला औषध म्हणावयाचे धाडस कोणाला कसे झाले? त्याचे मूळ एका साध्या पण विलक्षण शोधात आहे. हा वायू केवळ धुरातून शरीरात येतो असे नाही. आपले शरीर तो स्वतः तयार करते. स्वीडनमधील शेस्ट्रांड यांनी १९४९ साली निरोगी माणसाच्या शरीरात कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो, असे दाखविले. तो कोठून येतो याचा उलगडा १९६८ साली टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड यांनी केला. रक्तातील जुन्या तांबड्या पेशी मोडीत निघतात, तेव्हा हीमोग्लोबिनमधील ‘हीम’ या रंगद्रव्याचे हीम ऑक्सिजनेज नावाचे एंझाइम तुकडे करते. त्या क्रियेत तीन वस्तू निघतात : लोह, एक हिरवे रंगद्रव्य आणि कार्बन मोनॉक्साइड. मुका मार लागलेल्या जागी आधी काळानिळा डाग पडतो, तो काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळसर होतो, हे प्रत्येकाने पाहिले आहे. तो हिरवा रंग म्हणजे याच क्रियेची खूण. त्या रंगाच्या प्रत्येक रेणूमागे या विषारी वायूचा एक रेणू आपल्याच त्वचेखाली जन्मलेला असतो. निरोगी माणसाच्या शरीरात असा वायू दिवसाकाठी सुमारे १० मिलिलिटर तयार होतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या रक्तातही सुमारे १ टक्का हीमोग्लोबिन या वायूने व्यापलेले असते.

पुष्कळ काळ ही निर्मिती म्हणजे मोडतोडीतून निघालेला निरुपयोगी कचरा समजली जात होती. १९९३ साली अमेरिकेतील स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सुचविले की, मज्जासंस्थेत हा वायू निरोप्याचे काम करीत असावा. पुढे आतड्याच्या भिंतीतही हीम ऑक्सिजनेज सापडले आणि तेथील स्नायू किती ताठ असावेत, किती सैल असावेत, हे ठरविण्यात कार्बन मोनॉक्साइडचा वाटा असल्याचे दिसून आले. तरीही आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक शोध २००० सालचा आहे. ऑटरबाइन, चॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अल्प प्रमाणात कार्बन मोनॉक्साइड दिला असता भक्षक पेशी दाह वाढविणारी द्रव्ये कमी सोडतात आणि दाह शमविणारे एक द्रव्य अधिक सोडतात. आतड्याला जखडून ठेवणाऱ्या रक्षकांनाच शांत करणारा निरोप हाती लागला होता, आणि तो शरीराच्याच भाषेतला होता.

येथे चिकित्सक वाचकाला एक शंका येईल. हा वायू तर स्नायूंना सैल करतो. मग थांबलेले आतडे त्याने आणखी थांबणार नाही काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर असे की, आंत्रस्तंभात आतड्याला सुस्ती आणणारा मुख्य दोषी दाह आहे. तो दाह आधीच रोखला तर स्नायूंची स्वतःची शक्ती शाबूत राहते आणि ते आपल्या तालावर चालू लागतात. वायूने आतड्याला पुढे ढकलायचे नसते. त्याच्या वाटेतील अडथळा उभाच राहू नये, एवढेच त्याचे काम.

या कल्पनेची परीक्षा पिट्सबर्ग येथेच झाली. बेव्हर्ली मूर, बाऊअर, ऑटरबाइन इत्यादींनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदरांना दहा लाख भाग हवेत २५० भाग कार्बन मोनॉक्साइड असलेली हवा शस्त्रक्रियेपूर्वी एक तास व नंतर एक दिवस हुंगविली. साध्या हवेत ठेवलेल्या उंदरांचे आतडे हाताळणीनंतर मंदावले. वायू मिळालेल्या उंदरांच्या आतड्याची आकुंचनशक्ती पुष्कळ प्रमाणात टिकून राहिली आणि दाहाची द्रव्ये कमी आढळली. २००५ साली याच गटाने उंदीरवर्गीय प्राण्यांबरोबर डुकरांवरही प्रयोग केले आणि वायू अल्पकाळ हुंगविला तरी लाभ होतो, असे नोंदविले. डुकराचे शरीर आकाराने माणसाच्या अधिक जवळचे, म्हणून या निरीक्षणाला महत्त्व आले. २००६ साली नाकाओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वायू हुंगविण्याऐवजी तो रिंगर लॅक्टेटच्या सलाइनमध्ये विरघळवून उंदराच्या उदरपोकळीत एकदाच सोडला. त्यानेही आंत्रस्तंभ सौम्य झाला. तिसरा मार्ग म्हणजे हळूहळू वायू सोडणारी रासायनिक संयुगे. मोटर्लिनी यांनी ही कल्पना २००२ साली पुढे आणली आणि २००९ साली बेल्जियममधील गेंट येथील संशोधकांनी तिचा आंत्रस्तंभ झालेल्या उंदरांवर उपयोग करून पाहिला. मात्र यांतील काही संयुगांत रुथेनियमसारखा धातू असतो आणि त्या धातूचे स्वतःचेही परिणाम होतात. त्यामुळे गुण वायूचा की धातूचा, हा वाद पुढे उपस्थित झाला.

आता मात्रेचा विचार करू. वर्गात फळ्यावर मांडता येईल असे हे ढोबळ गणित आहे. हीमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा कार्बन मोनॉक्साइडची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. हवेत प्राणवायू २१ टक्के. म्हणजे हवेत हा वायू सुमारे एक-दशांश टक्का, हजारात एक भाग, असला तर बराच वेळ हुंगल्यावर हीमोग्लोबिनची जवळजवळ निम्मी वाटणी त्याच्याकडे जाईल. आणि अशा स्थितीत माणूस जगण्याची आशा थोडी. दहा लाखांत २५० म्हणजे चार हजारांत एक. वरच्या प्रमाणाच्या चौथा हिस्सा. तेवढी हवा समतोल येईपर्यंत हुंगली तर हीमोग्लोबिनचा एक-पंचमांश किंवा त्याहून अधिक भाग निकामी होईल. ही मात्राही निरुपद्रवी नव्हेच. प्रयोगात तिचा काळ मोजलेला होता आणि रक्ताची तपासणी चालू होती. म्हणून ‘थोडा वायू चांगला असतो’ असा या संशोधनाचा अर्थ कोणी काढील, तर तो प्राणघातक ठरेल. शेगडीच्या धुरात मात्रा मोजलेली नसते, काळ मोजलेला नसतो आणि शेजारी रक्त तपासणारा कोणी नसतो. इस्पितळातील रोग्याच्या बाबतीतही शस्त्रक्रियेत झालेला रक्तस्राव, आधीचा पांडुरोग, दुबळे हृदय या गोष्टी मात्रेचे गणित बदलून टाकतात. एका तगड्या माणसाला सहज सोसेल तेवढी मात्रा अशा रोग्याच्या हृदयाला जड जाऊ शकते.

आणि उंदरापासून माणसापर्यंतचे अंतर फार मोठे आहे. खाणीत उंदीर माणसाच्या आधी गळून पडतो, तो त्याचा श्वास शीघ्र असतो म्हणून. त्याच कारणाने औषध म्हणून दिलेला वायूही त्याच्या शरीरात वेगळ्या गतीने भरतो व रिकामा होतो. खाणीतल्या उंदराकडून धोक्याची सूचना घेता येते. मात्रा उसनी घेता येत नाही. व्हिएन्ना येथे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्वयंसेवकांच्या शरीरात जंतुविषाने मर्यादित दाह उत्पन्न केला आणि त्यांना दहा लाखांत ५०० भाग या प्रमाणात तासभर हा वायू दिला. उंदरांत दिसलेला दाहशामक परिणाम या माणसांत आढळला नाही. उलट, २०१८ साली अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर विकाराने अत्यवस्थ झालेल्या १२ रोग्यांवर जी प्राथमिक चाचणी प्रसिद्ध झाली, तीत अत्यल्प व काटेकोरपणे मोजलेली मात्रा रोग्यांना सोसते असे दिसले. पण सोसणे निराळे आणि गुण येणे निराळे. एवढ्या लहान चाचणीने गुणाचा निर्णय होत नसतो. २०२२ साली बर्न, ट्रॅव्हर्सो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा वायू फेसात कोंडून तो उंदरांच्या गुदमार्गाने थेट आतड्यात पोचविला आणि आतड्याचा दाह कमी झाल्याचे दाखविले. हा प्रयोग आंत्रस्तंभाचा नव्हता. तथापि वायू फुप्फुसातून साऱ्या रक्तात न मिसळता जेथे हवा तेथेच पोचावा, ही दिशा त्याने सुचविली आहे.

शस्त्रक्रियेनंतरच्या आंत्रस्तंभावर कार्बन मोनॉक्साइड ही आज मान्यताप्राप्त चिकित्सा नाही. शल्यवैद्यांच्या हाती सध्या जे उपाय आहेत ते साधे व सोसणारे आहेत : शक्य तेथे दुर्बिणीतून लहान छेदाची शस्त्रक्रिया, अफूवर्गीय वेदनाशामकांचा मर्यादित वापर, पाठीच्या कण्याजवळून दिलेली बधिरता, रोग्याला लवकर उठवून चालविणे आणि जुन्या रिवाजाप्रमाणे वारा सरण्याची वाट पाहत उपाशी न ठेवता लवकर थोडेथोडे खावयास देणे. या साऱ्यांची एकत्र सांगड डेन्मार्कचे शल्यवैद्य केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात घातली. अफूवर्गीय औषधांचा आतड्यावरील परिणाम रोखणारे अल्विमोपान हे औषध अमेरिकेत २००८ साली मान्य झाले. या यादीत वायूचे नाव अद्याप नाही, आणि ते यावे की नाही हे रोग्यांवरील मोठ्या चाचण्याच ठरवतील.

मग या साऱ्या खटाटोपातून शिक्षकाने काय घ्यावे? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात असा आशय आला आहे की, तीक्ष्ण विषही युक्तीने योजले तर उत्तम औषध होते आणि औषधही अयुक्तीने दिले तर विष ठरते. असली वचने आपण अभिमानाने उद्धृत करतो, पण त्यांतील ‘युक्ती’ या शब्दापाशी थांबत नाही. वर सांगितलेल्या इतिहासात युक्ती म्हणजे काय, ते पायरीपायरीने दिसते : वायू शरीरात कोठे तयार होतो हे शोधणे, तो कोणाशी बोलतो हे ओळखणे, मात्रा व काळ मोजणे, उंदरात जे दिसले ते माणसात दिसले नाही तर तसे प्रामाणिकपणे छापणे. रसायनाच्या तासाला ‘कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आहे’ हे वाक्य यापुढेही तसेच शिकवावे. ते खरे आहे आणि त्याने मुलांचे प्राण वाचतात. त्यापुढे एवढेच जोडावे की, हाच वायू आपल्या शरीरात अल्प प्रमाणात रोज जन्म घेतो. विद्यार्थी विचारील, “मग आपण मरत कसे नाही?” त्या प्रश्नाला पाऊण तास दिला तरी तो वाया जाणार नाही.